विश्लेषण : तुरुंगातला रविवारचा वर्ग... विनोबांनी धुळ्यात काय केलं होतं आणि आज तो वर्ग कोण तपासतं?

महाशिवरात्रीला मार्कंड्याला गेलात तर वैनगंगेच्या काठावर, देवळांच्या रांगेकडे जाणाऱ्या वाटेवर पुस्तकांच्या पथाऱ्या दिसतात. आरत्यांचे संग्रह, व्रतकथा, पंचांग आणि त्यातच ‘गीता प्रवचने’. स्वस्त, जाड, पिवळट कागदाचं पुस्तक. विदर्भातल्या कित्येक घरांत देव्हाऱ्याजवळ ते असतंच. पण हे पुस्तक आश्रमात किंवा मठात नाही, तर एका सरकारी तुरुंगातल्या वर्गात तयार झालं, हे घेणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत नसतं.

वर्ग घेणारा कैदी होता. ऐकणारे कैदी होते. लिहून घेणाराही कैदीच होता. परवानगी देणारा मात्र तुरुंगाचा अधिकारी होता. तुरुंगात शिक्षण द्यायचं की नाही हे कोण ठरवणार आणि ते नीट चाललंय का हे बाहेरून कोण बघणार, या दोन प्रश्नांची चर्चा आजही सुरू आहे. त्यामुळे आचार्य विनोबा भावे यांचं आयुष्य या बाजूनं एकदा वाचायला हवं. भूदानाचे विनोबा सगळ्यांना ठाऊक आहेत, तुरुंगातले विनोबा तेवढे नाहीत.

परीक्षेला निघालेला मुलगा मध्येच उतरला

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी रायगड जिल्ह्यातल्या (तेव्हाचा कुलाबा) पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. शिक्षण बडोद्याला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले खरे, पण सुरतला उतरले आणि थेट काशीला गेले. त्याआधी त्यांनी आपली प्रमाणपत्रं चुलीत टाकलेली होती. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याला पाठवलं आणि हा कोकणात जन्मलेला माणूस विदर्भाचा झाला.

पदवी नसलेला, प्रमाणपत्रं जाळलेला हा माणूस आयुष्यभर शिकवत राहिला. त्यातला बराच काळ गजाआड गेला. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते नागपूर आणि अकोल्याच्या तुरुंगात होते. १९३२ मध्ये धुळे. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचं नाव जाहीर केलं, तेव्हा पुन्हा नागपूर. १९४२ ते १९४५ नागपूर, मग दक्षिणेत वेल्लोर आणि शेवटी मध्य प्रांतातलं सिवनी. या सगळ्यात धुळ्याचे सहा महिने वेगळे आहेत.

धुळ्यात नेमकं काय घडलं?

१९३२ च्या जानेवारीत सविनय कायदेभंग पुन्हा सुरू झाला आणि तुरुंग भरले. धुळ्याच्या तुरुंगात खानदेशातले, विदर्भातले तरुण सत्याग्रही आणून कोंडले होते. जमनालाल बजाज, गुलझारीलाल नंदा होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजीही तिथेच होते.

सत्याग्रहींना सक्तमजुरी होती. हातात जातं, समोर धान्य. तुरुंगाचं काम करायचं की नाकारायचं यावर कैद्यांमध्ये वाद होता. रोज दळण नाकारायचं आणि रोज शिक्षा ओढवून घ्यायची, हा एक मार्ग होता. विनोबांनी दुसरा धरला. पोटाला लागतं तेवढं श्रमाचं काम आपण स्वतःहून करू, पण ते गुलामासारखं करणार नाही. ते स्वतः जात्यावर बसले. स्वयंपाकघराचं कामही सत्याग्रहींनी आपल्याकडे घेतलं आणि जेवण सुधारलं. तुरुंग प्रशासनाशी रोजचा झगडा निवळला आणि त्यातून एक जागा तयार झाली. वर्गाला परवानगी मिळाली ती या जागेत.

२१ फेब्रुवारी १९३२, रविवार. त्या दिवशी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. अठरावं प्रवचन झालं १९ जूनला. कॅलेंडर लावून बघितलं तर लक्षात येतं की २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात बरोबर अठरा रविवार येतात, म्हणजे एकही आठवडा चुकला नाही. ज्यांनी ऑनलाइन कोर्स अर्धवट सोडलेत (मी त्यातलाच) त्यांना हा आकडा जास्त कळेल.

ऐकणाऱ्यांत सगळे पंडित नव्हते. शेतकऱ्यांची मुलं होती, शाळा सोडलेले होते, तुरुंगाचे कर्मचारीही येऊन बसत. त्यामुळे भाषा सोपी ठेवावी लागली. शेत, विहीर, बैल, आईची भाकरी असे रोजचे दाखले आले. संस्कृत श्लोकाची फोड करण्यापेक्षा रोजच्या कामात मन कसं ठेवायचं यावर भर राहिला. आदल्या वर्षीच, फेब्रुवारी १९३१ मध्ये, त्यांनी ‘गीताई’ हा गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद पुरा केला होता. संस्कृत न कळणाऱ्या आईनं मराठीत गीता मागितली होती, ही त्यामागची गोष्ट. ती आई तोपर्यंत हयात नव्हती. धुळ्याच्या वर्गातले श्रोते बरेचसे त्या आईच्याच जागी होते.

पुस्तक कसं झालं?

विनोबांनी ही प्रवचनं लिहिली नाहीत. ते बोलत गेले आणि साने गुरुजी लिहीत गेले. लघुलिपी नाही, टेप नाही. साध्या लिपीत, बोलण्याच्या वेगानं. गुरुजींचा हात थांबला असता तर हा वर्ग त्या भिंतींतच संपला असता.

गुरुजींचं आपलं काम पुढच्याच तुरुंगात झालं. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी घराघरांतली ही दोन पुस्तकं एका वर्षाच्या आत तुरुंगात तयार झाली. तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या तुरुंग खात्याला हे श्रेय द्यायचं का? माझ्या मते नाही. कागद आणि शाई मिळू दिली, एवढंच.

मग हे तुरुंगातलं शिक्षण म्हणायचं का?

इथे जरा थांबायला हवं. धुळ्याची गोष्ट ऐकायला छान वाटते, पण तिच्या तीन मर्यादा आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही.

एक, हा वर्ग मुख्यतः राजकीय कैद्यांचा होता. चोरी, मारामारी, खून अशा गुन्ह्यांत आलेल्या सामान्य कैद्यासाठी विनोबांसारखा शिक्षक आणि साने गुरुजींसारखा लेखनिक कुणी ठेवलेला नव्हता. दोन, विषय धार्मिक ग्रंथाचा होता. सत्याग्रहींनी तो स्वतः मागितला होता, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. आजच्या कारागृहात हाच वर्ग सरकारनं लावला तर वेगवेगळ्या धर्मांच्या बंद्यांचं काय, हा प्रश्न येतो. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. हा वर्ग कुठल्याही नियमानं चालला नव्हता. एका तुरुंगात अधिकाऱ्यानं होकार दिला म्हणून चालला. विनोबांची शिक्षा संपली आणि वर्गही संपला. पुढच्या अधिकाऱ्यावर तो चालू ठेवायचं बंधन नव्हतं.

व्यवस्था आणि मेहेरबानी यातला फरक तो हाच.

त्या काळात नियमच नव्हते असंही नाही. तुरुंगांसाठी १८९४ चा कायदा होता. त्याच्या कलम ५९ मध्ये तुरुंगाला भेट देणारे अभ्यागत नेमण्याचे नियम करण्याचा अधिकार सरकारला होता. १९१९-२० मध्ये सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या भारतीय तुरुंग समितीनं देशभर फिरून मोठा अहवाल दिला आणि तुरुंगाचा हेतू शिक्षेबरोबर माणूस सुधारणं हाही असावा असं मांडलं. म्हणजे धुळ्याच्या वर्गाच्या बारा वर्षं आधी कागदावर बरंच काही आलेलं होतं. त्याच काळात एकाच गुन्ह्यातल्या राजकीय कैद्यांना अ, ब, क अशा वर्गांत वाटून कुणाला पुस्तकं-वर्तमानपत्रं तर कुणाला फक्त जातं, असंही चालू होतं.

वेल्लोर, सिवनी : शिकणारा कैदी

१९४२ च्या ऑगस्टमध्ये विनोबांना पकडलं आणि नंतर नागपुरातून शेकडो किलोमीटर दूर वेल्लोरला हलवलं. कैद्याला त्याच्या मुलखापासून, भाषेपासून तोडायचं, हा सरकारचा जुना उपाय. विनोबांनी तिथे तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकाच वेळी शिकायला घेतल्या. चार लिप्या, चार व्याकरणं, शेजारी शेजारी ठेवून. त्यातूनच सगळ्या भारतीय भाषांना नागरी लिपीचा जोड असावा हा त्यांचा विचार पक्का झाला आणि त्यांनी लोकनागरी नावाची सोपी लिपीही तयार केली. सिवनीत त्यांनी सहकैद्यांसमोर गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्यानं दिली, तीही पुढे पुस्तकरूपात आली.

भाषेचा हा मुद्दा आपल्या भागाला जास्त लागू पडतो. मार्कंडा ज्या चामोर्शी तालुक्यात आहे तिथेच मराठी, गोंडी, तेलुगू आणि निर्वासित म्हणून वसलेल्या गावांतली बंगाली ऐकू येते. भामरागडकडे गेलात की माडिया. या जिल्ह्यातला माणूस गुन्ह्याच्या आरोपाखाली चंद्रपूर किंवा नागपूरच्या तुरुंगात गेला, तर त्याचे कागद मराठीत किंवा इंग्रजीत असतात. त्याला आधी अक्षर शिकवायचं की आधी त्याच्या भाषेत त्याचा खटला समजावून सांगायचा? प्रौढ बंद्याचं शिक्षण म्हटलं की आपल्याला पाटी-पेन्सिल आठवते. पण जामिनाचा अर्ज म्हणजे काय, मोफत वकील कुठे मिळतो, हेही शिक्षणच आहे.

तुरुंगाबाहेरचे विनोबा

९ जुलै १९४५ ला ते सुटले. पुढची कहाणी माहितीची आहे. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन दिली आणि भूदान सुरू झालं. त्याच्या तीन दिवस आधी, रामनवमीला, विनोबा हैदराबादच्या तुरुंगात गेले होते. तिथे तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातले कम्युनिस्ट कैदी होते. ज्यांच्या मार्गाला आपला विरोध आहे त्यांना भेटायला ते आधी गजांपर्यंत गेले, मग त्यांच्या गावांत. आजच्या भाषेत सांगायचं तर तो बाहेरच्या माणसाचा तुरुंगात प्रवेश होता.

१९६० मध्ये उलट घडलं. अलाहाबादच्या नैनी तुरुंगात फाशीच्या शिक्षेवर असलेल्या तहसीलदारसिंह या चंबळच्या डाकूनं विनोबांना पत्र पाठवून भेट मागितली. त्यातून मे महिन्यात वीसेक बागींनी विनोबांसमोर शस्त्रं ठेवली. खटले रद्द झाले नाहीत, ते चाललेच. पण हे सगळं सुरू झालं तुरुंगातून बाहेर पोचलेल्या एका पत्रामुळे.

पत्र बाहेर पोचणं ही किरकोळ गोष्ट नाही. महाराष्ट्रातलाच एक दाखला बघा. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली, ती सरकारनं नाकारली. पुस्तक अणूवर, त्यात राजकारण काही नाही. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ६ सप्टेंबर १९६५ ला निकाल संझगिरींच्या बाजूनं लागला. स्थानबद्धतेच्या अटींत मनाई नसेल तर पुस्तक बाहेर पाठवणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. धुळ्यात जे मेहेरबानीनं झालं ते तेहेतीस वर्षांनी हक्क म्हणून मांडलं गेलं.

आणि एक डाग

विनोबांवर लिहिताना आणीबाणी टाळता येत नाही. १९७५ मध्ये ते वर्षभराच्या मौनात होते. आणीबाणी लागली आणि अनुशासन पर्व हे त्यांचे दोन शब्द सरकारनं प्रचाराला वापरले. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं यावर त्यांचे अनुयायी आजही वाद घालतात. आचार्यांचं अनुशासन वेगळं आणि सत्तेचं शासन वेगळं, असं त्यांना अभिप्रेत होतं, असं एक स्पष्टीकरण आहे. पण त्या महिन्यांत जयप्रकाश नारायण आणि हजारो माणसं विनाचौकशी तुरुंगात होती. ज्यानं स्वतः वर्षानुवर्षं तुरुंग भोगला, त्याच्याकडून त्यांच्यासाठी स्पष्ट आवाज निघाला नाही. सरकारी संत ही टीका तिथून सुरू झाली. १९७६ मध्ये गोहत्याबंदीसाठीच्या त्यांच्या उपोषणाची बातमी छापल्यावर पवनार आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या, तेव्हा तोच बडगा त्यांच्या दारातही आला. मला वाटतं, ही चूक लहान नव्हती.

१५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला, अन्नपाणी आणि औषध सोडून त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला होता. विनोबांच्या ग्रामदानाच्या विचाराला या नव्या जिल्ह्यात उशिरा पालवी फुटली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २०१३ मध्ये १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली जमीन ग्रामसभेकडे देण्याचं ठरवलं. त्याआधी अनेक वर्षं गावात अभ्यासगट चालत होते. मोठी माणसं बसून कायदा वाचणार, चर्चा करणार, मग सर्वसहमतीनं निर्णय. प्रौढ शिक्षणाचा इतका चांगला नमुना जवळपास दुसरा नाही.

आज नियम काय सांगतात?

आता कारागृहांत शिक्षण हा नियमांचा भाग आहे. महाराष्ट्रातल्या मध्यवर्ती कारागृहांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची अभ्यासकेंद्रं चालतात. शिक्षण पूर्ण करणाऱ्या शिक्षाबंद्यांना शिक्षेत माफी मिळण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक कारागृह अहवालात किती बंदी निरक्षर, किती जणांना साक्षर केलं, याचे तक्ते असतात.

पण तक्ता तुरुंगच भरतो. ज्याची परीक्षा तोच गुण देणार, असा प्रकार. म्हणून बाहेरचे डोळे लागतात आणि त्यासाठी अभ्यागत मंडळ असतं. केंद्राच्या २०१६ च्या नमुना कारागृह नियमावलीनुसार या मंडळात जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरोग्य अधिकारी असतात. अनौपचारिक शिक्षण बघणारा जिल्हा शिक्षणाधिकारीही असतो. शिवाय आमदार आणि सामाजिक कार्यकर्ते असे अशासकीय सदस्य. त्यांनी भेट द्यायची, बंद्यांशी बोलायचं, शिक्षण, दवाखाना, जेवण बघायचं आणि अभ्यागत पुस्तकात शेरा लिहायचा. त्यावर अधीक्षकानं काय केलं ते वर कळवायचं.

खरी गळती इथे होते. अशासकीय सदस्यांच्या नेमणुका रखडल्या की मंडळात फक्त अधिकारी उरतात आणि सरकारच सरकारला तपासतं. भेट झाली तरी वर्ग खरंच भरतो का, की पाहुण्यांसाठी फळा पुसून ठेवलाय, हे एका चकरेत कळत नाही. मी इंजिनीअरिंगला असताना तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी आमची प्रयोगशाळा जशी चकाचक व्हायची, तसंच.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगात जातीवरून कामं वाटण्याचे नियम घटनाबाह्य ठरवले (सुकन्या शांता प्रकरण). त्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी, असा आदेश आहे. झाडूचं काम कुणाला आणि स्वयंपाकाचं कुणाला, हे जातीवर ठरत असेल तर पुस्तक कुणाच्या हाती जातं हेही त्यावरच ठरणार, त्यामुळे हा निकाल शिक्षणालाही लागू पडतो.

चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात २१ ऑक्टोबर १८५८ ला गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली गेली. दरवर्षी त्या दिवशी आदरांजलीसाठी लोक तिथे जमतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आत काय चालतं हे नागरिकाला विचारायचं असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज हा साधा मार्ग आहे. कारागृह अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. अर्जात हे विचारा : गेल्या दोन वर्षांत अभ्यागत मंडळाच्या भेटी कोणत्या तारखांना झाल्या, शिक्षणाधिकारी त्यातल्या कितींना हजर होते, अशासकीय सदस्यांच्या किती जागा रिकाम्या आहेत, शिक्षणाबद्दल काय शेरे आले आणि त्यांवर काय कार्यवाही झाली. बंद्यांची नावं मागू नका, ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाऊ शकतात.